गुप्ततेच्या पहारेकऱ्यांना बजाजनगरहून अनावृत पत्र

जिनिव्हाचे प्रोटॉन, टोरांटोचे सिंक डॉट कॉम आणि गुप्ततेची शपथ वाहिलेले समस्त क्लाउडवाले यांस, बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर येथून स. न. वि. वि.

प्रथम अभिनंदन. फाइलला ग्राहकाच्याच यंत्रावर कुलूप घालायचे, किल्ली त्याच्याकडेच ठेवायची आणि स्वतःलाही आत डोकावता येऊ नये अशी तजवीज करायची, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. प्रोटॉन तर सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या शास्त्रज्ञांनी 2014 साली, अमेरिकी पाळतीबद्दलच्या स्नोडेनच्या गौप्यस्फोटाला वर्ष होते न होते तोच उभे केले. आता गंमत पाहा. त्याच सर्नने फर्मीलॅबच्या सोबतीने ‘सायंटिफिक लिनक्स’ घडवले होते. आणि स्नोडेनने पत्रकारांशी संपर्कासाठी जिचा आधार घेतला ती ‘टेल्स’ प्रणालीही लिनक्सच. ज्या घरात बारसे झाले, त्याच घरच्यांना पंगतीत पान नाही! प्रोटॉन ड्राइव्हचे विंडोजचे ॲप 2023 च्या जुलैत आले, मॅकचे नोव्हेंबरात. पुढे दोन वर्षे उलटली तरी लिनक्सवाल्याला बोट ब्राउझरकडेच दाखवले गेले. सिंक डॉट कॉमनेही तेच केले.

ब्राउझर आहे ना, मग तक्रार कसली, असे आपण म्हणाल. तक्रार आपल्याच शिकवणीतून आली आहे. ‘आमच्यावर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा’ हे आपले ब्रीद. यंत्रावर बसवलेले ॲप एकदा तपासता येते. त्याची आवृत्ती बदलली की ते कळते. ब्राउझरमध्ये मात्र कुलूप घालणारा कोडच दर वेळी आपल्या सर्व्हरवरून ताजा येतो. आज आलेला कोड कालचाच आहे, याची ग्वाही कोण देणार? आपणच. म्हणजे जो ग्राहक सर्वांत संशयी, त्यालाच आपण सर्वांत जास्त विश्वास ठेवायला लावता. शिवाय ब्राउझर फोल्डर जुळवत बसत नाही. त्याचा फटका आमच्याकडे पाहा. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्या भोवती वाळूजचा हा सगळा पट्टा वाढला. इथल्या छोट्या व्हेंडरकडे मोठ्या कंपनीचे ड्रॉइंग येते ते गोपनीयतेच्या करारासकट. त्याची नवी रेव्हिजन शॉपमधल्या संगणकावर आपोआप उतरली नाही आणि जुन्यावरच जॉब चढला, तर अख्खा लॉट रिजेक्ट. हाताने अपलोड, हाताने डाउनलोड ही सोय नाही, हमाली आहे.

‘लिनक्सवाले आहेतच किती?’ हा आपला हुकमी एक्का. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत 2024 च्या फेब्रुवारीत जगभरच्या डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा 4 टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहान आहे, मान्य. पण आपला धंदा सगळ्या जगाशी आहे कुठे? फुकटची साठवण सोडून गुप्ततेसाठी पैसे मोजणारा माणूस मुळातच दुर्मिळ, आणि त्या दुर्मिळांत लिनक्सवाले चारच टक्के असतील, हे मला पटत नाही. हा हौशी पोरांचा खेळ समजत असाल, तर आमच्या जिल्हा न्यायालयांत डोकावा. ई-कोर्ट प्रकल्पात तिथे उबुंटू लिनक्स बसवले गेले. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला न चालणारे धडधाकट संगणक भंगारात काढायचे नसतील, तर छोट्या शॉपला लिनक्स हाच स्वस्त रस्ता उरतो.

दुसरी सबब जरा वजनदार आहे: लिनक्सच्या जाती-पोटजाती फार, एकेकीला सांभाळायचे कसे? त्रास खरा आहे. पण बहुतेक लिनक्सवर चालणारी ॲपची पुडकी, म्हणजे फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज, त्याच त्रासावरचे उतारे आहेत. मेगा, ट्रेझोरिट, अगदी छोटेसे फाइलेनही लिनक्सचे ॲप देतात, तेही कूटबद्ध साठवणीसकट. आणि प्रोटॉनराव, तुमचे व्हीपीएन, पासवर्डची तिजोरी, मेलचा ब्रिज लिनक्सवर चालतातच की! मग अडचण जातींची नाही, रांगेतल्या नंबराची आहे. ते सरळ सांगा, ताकाला जाऊन भांडे कशाला लपवता? दरम्यान क्लाउडशी फाइली जुळवणाऱ्या आरक्लोन या साधनाच्या स्वयंसेवकांनी आपल्या खुल्या ॲपचा कोड वाचून आणि ब्राउझरमधली ये-जा न्याहाळून प्रोटॉन ड्राइव्हसाठी जोडणी बनवली, कारण प्रोटोकॉलचा कागद आपण छापलाच नव्हता. उघडेपणाचा गजर करणाऱ्यांच्या दारात ग्राहकाला असे कान लावून बसावे लागले.

तेव्हा ॲपला वेळ लागत असेल तर लागू द्या, निदान तो कागद तेवढा पाठवा. इकडे वाचणारे पुष्कळ आहेत.

कळावे, लोभ असावा,
वाळूज पट्ट्यातला एक ब्राउझरवासी