पसंतीक्रम ४१ : एका सेफ कॉलेजच्या अध्यक्षांना खुले पत्र

माननीय शिक्षणमहर्षी, संस्थापक-अध्यक्ष साहेब,



पत्रात आपले आणि आपल्या कॉलेजचे नाव घातलेले नाही. भीतीने नव्हे, काटकसरीने. आपले नाव सगळ्या उपाध्यांसह लिहायचे तर निम्मा कागद तिथेच खर्ची पडतो, हे आपल्या प्रवेशद्वारावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सने शिकवले. आणि कागद मला पुढे लागणार आहे.

माझी ओळख सोपी आहे. मी मामा. आपल्या दोन नंबरच्या खिडकीतला माणूस मला दर वाक्याला याच नावाने हाक मारत होता. तेव्हा वाटले, आपुलकीने मारतोय.

आधी आभार मानतो. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात माझ्या भाच्याला आपण पदरात घेतलेत. पोरगा बार्शीचा. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, मार्केट यार्डात तोलार. बहीण घरात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. सीईटीत पोराला ७६ पर्सेंटाइल पडले. त्याला कॉम्प्युटरच हवे होते आणि ‘स्कोप आहे’ म्हणून मान डोलावणारा मी होतो. कराड, अमरावतीच्या शासकीय कॉलेजांत या आकड्याला कॉम्प्युटर दुरूनही दिसत नाही. कॉम्प्युटरचा नाद सोडून एखाद्या लांबच्या शासकीय कॉलेजात दुसरी शाखा धरून पाहावी, हे शहाणपण मलाही सुचले, प्रवेश आटोपल्यावर.

फॉर्म भरायला नेट कॅफेत बसलो होतो. तिथला पोरगा म्हणाला, “मामा, शेवटी एखादं सेफ टाकून ठेवा. नाहीतर लटकतंय बघा पोरगं.” ३०० पर्यंत पसंतीक्रम भरता येतात. आम्ही ४१ भरले. एकेचाळिसावे आपण. आपल्या कॉलेजचा कोड माझ्याच बोटांनी टाइप झाला आहे, तेव्हा या प्रकरणात आरोपी क्रमांक दोन मीच आहे, हे प्रांजळपणे कबूल करतो.

चौथ्या फेरीत आपण लागलात. नेट कॅफेतल्या पोराने टाळी मागितली. बहिणीने देवापुढे साखर ठेवली. पोरगा सेफ झाला.

साहेब, या ‘सेफ’ शब्दाचा नंतर मला फार अभ्यास करावा लागला. आदल्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ मी रात्र-रात्र वाचली होती. त्यात कॉलेजचा कोड असतो, शाखा असते, जीओपनएस, जीओबीसीएस, एलओपनएस असे रकाने असतात. वर गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल, तेही दशांशानंतर सात घरांपर्यंत. दाण्याची पिठी होईपर्यंत दळलेला हिशेब. नाही फक्त एक रकाना : फीचा. ज्या एका आकड्यावर दाजींचे घर वर-खाली होणार, तेवढाच त्यात नाही. तो शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो, कॉलेजागणिक वेगळा. जो बाप मुलाला पहिल्यांदाच कॉलेजात घालतो आहे, त्याला असे काही प्राधिकरण आहे हेच मुळात ठाऊक नसते.

मग मी वहीत रेघ मारून दोन रकाने पाडले : डावीकडे कट-ऑफ, उजवीकडे फी. वर शासकीय कॉलेजे; त्यांची फी कमी. खाली उतरत गेलो, पर्सेंटाइल घसरत गेले आणि विनाअनुदानितांच्या वस्तीत शिरल्याबरोबर फी चढली. दाजींना वही दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आमच्यात माल हलका तर भाव हलका. इथं उलटं कसं?”

साहेब, मला उत्तर देता आले नाही, म्हणून आपल्याला विचारतो. ज्याच्या घरात शिकवणीला पैसे होते, दोन वर्षे कोटा-लातूर झाले, त्याला वरची स्वस्त जागा. ज्याने यार्डातल्या पोत्यांवर बसून अभ्यास केला, त्याला खालची महाग जागा. सुखवस्तू घरातल्या पोराचे सेफ कॉलेज म्हणजे जिथे गुण पुरतात ते. तोलाराच्या पोराचे सेफ कॉलेज म्हणजे जिथे पैसे पुरतात ते. आम्ही पहिल्याची व्याख्या घेऊन दुसऱ्याचा फॉर्म भरला. या घोटाळ्यावर आपली तीन मजली इमारत उभी आहे. चौथ्याचे सळई-काम चालू दिसले, अभिनंदन.

शासनाने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. टीएफडब्ल्यूएस नावाची सोय आहे. कोडच्या शेवटी ‘टी’ लागलेल्या त्या जागा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्याला शिकवणी शुल्क माफ. जागा मंजूर संख्येच्या ५ टक्के, म्हणजे ६० च्या वर्गाला ३. अर्थात त्या तिघांचा कट-ऑफही बहुधा वर्गात सर्वांत वर. गरिबांसाठी राखलेली खुर्ची माडीवर ठेवली आहे आणि जिना मात्र सीईटीचा. तरीही तो ‘टी’ फॉर्ममध्ये वेगळा आणि सगळ्यांत वर भरावा, हे नेट कॅफेतल्या पोराने सांगितले नाही आणि मला माहीत नव्हते. पुढच्यांनी लक्षात ठेवावे म्हणून इथे लिहून ठेवतो. आपल्याला त्यात रस नसेल.

आता प्रवेशाचा दिवस. एक नंबरची खिडकी छान होती. एसी, संगणक, काचेवर क्यूआर कोड. प्राधिकरणाने ठरवलेली फी ८६ हजार. त्यात शिकवणी शुल्क ७६ हजार. पोरगा ओबीसी, उत्पन्न मर्यादेत, प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, त्यामुळे शिकवणीचे निम्मे, ३८ हजार, शासन भरणार. उरले ४८. ते बहिणीने भिशी उचलून आणि दाजींनी अडत्याकडून उचल घेऊन जमवले होते. छापील पावती मिळाली. मी ती दोनदा घडी घातली.

“मामा, आता दोन नंबरला.”

दोन नंबरच्या खिडकीला काच नव्हती, संगणक नव्हता, क्यूआर कोडही नव्हता. ‘फक्त रोख’ अशी पाटी होती. आतल्या माणसाने डायरीचे पान फाडून त्यावर लिहिले : ट्रेनिंग-प्लेसमेंट ८,०००. इनोव्हेशन सेल ४,५००. अनामत ४,०००. ब्लेझर ३,२००. किट, डायरी, ओळखपत्र २,०००. बेरीज २१,७००. मी विचारले, “हे प्राधिकरणाच्या फीत नाही?” तो हसून म्हणाला, “ती फी वेगळी मामा, हे अदर आहे.” पावती मागितली तर म्हणाला, “हीच की.” पानावर शिक्का नव्हता, सही नव्हती. मागे ‘आजचा सुविचार’ छापलेला होता.

पहिल्या वर्षाचे पोर, अजून वर्कशॉपमध्ये कानस कशी धरायची हे त्याला ठाऊक नाही आणि त्याच्या प्लेसमेंटचे आठ हजार आपण आगाऊ घेतलेत. याला दूरदृष्टी म्हणतात.

दाजी गेटाबाहेर थांबले होते. तो कागद त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला. पंचवीस वर्षे यार्डात काढलेला माणूस. म्हणाले, “ही तर कच्ची पट्टी आहे.” आमच्याकडे शेतकरी माल घालतो, तेव्हा अडत्या त्याला पट्टी देतो : वजन, भाव, त्यातून कापलेली हमाली, तोलाई, सगळे ओळीने. कापतात खूप, पण लिहून कापतात. कच्च्या पट्टीवर कुणाला वाटेला लावले तर शेतकरी बाजार समितीत जाऊन ओरडतो. “इथली समिती कुठं बसते?” दाजींनी विचारले.

समिती आहे, साहेब. आपल्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. महाराष्ट्रातल्या पोरांना पैसे मोजून कर्नाटकात जावे लागू नये, हे एक कारण होते. सोय झाली खरी, पैसे आता घरच्या घरी मोजता येतात. चारच वर्षांत, १९८७ मध्ये, महाराष्ट्राला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, यावरून आपल्या पिढीने किती झपाट्याने काम केले ते दिसते. त्या कायद्याप्रमाणे मंजूर फीवर घेतलेली रक्कम कोणत्याही नावाने घेतली, रोख घेतली किंवा वस्तूच्या रूपात घेतली, तरी ती कॅपिटेशन फीच. २००५ मध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले : वाजवी वाढावा चालेल, नफेखोरी आणि कॅपिटेशन नाही. २०१५ मध्ये राज्याने फी ठरवणाऱ्या प्राधिकरणाचा कायदा केला. इतके सगळे कायदे दाराशी उभे आहेत. आपण फक्त त्यांना एक नंबरच्या खिडकीशी उभे केलेत आणि धंदा दोन नंबरला नेलात. तक्रार करायची तर पुरावा लागतो, पुरावा म्हणजे पावती, आणि पावतीच्या जागी सुविचार.

आपली बाजूही मला ऐकवण्यात आली. कार्यालयातले एक गृहस्थ म्हणाले, “शासन शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष-वर्ष देत नाही, आम्ही पगार कशातून करायचे?” बरोबर आहे. शासन थकवते, हे आम्हालाही कळते. आम्हीही त्याच शासनाखाली राहतो. पण थकबाकी शासनाची आणि वसुली तोलाराकडून, तीही ब्लेझरच्या रूपाने, हा न्याय मला कळला नाही.

ब्लेझरबद्दल स्वतंत्रपणे लिहायलाच हवे. मरून रंगाचा, खिशावर आपल्या संस्थेचे बोधचिन्ह. बार्शीच्या एप्रिलमध्ये हा अंगात घालून पोरगा कुठे जाणार, हा प्रश्न सोडा. बहिणीने तो हातात घेतला, उलटा केला, बाहीत हात घालून शिवण चाचपली. डॉक्टर नाडी बघतो तशी. मग म्हणाली, “अस्तर अर्धंच आहे. खांद्यात कॅनव्हास नाही, नुसता कागदी बक्रम चिकटवलाय. काखेची शिवण आत्ताच सुटलीय. याला सातशेच्या वर कुणी देत नाही.” ३,२०० हा आकडा तिने पुन्हा विचारला. मग मशीनवर बसली आणि काखेला डबल टीप मारली. साहेब, आपल्या संस्थेत गुणवत्तेसाठी झालेले एवढे एकच काम मी डोळ्यांनी पाहिले.

भाचीही आहे. यंदा बारावीला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींचे शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. घरात आनंद आहे. पण नीट वाचा : शिकवणी आणि परीक्षा. ‘अदर’ त्यात नाही. एक नंबरची खिडकी जितकी रिकामी होईल तितकी दोन नंबरची फुलेल, हे आपल्यासारख्या द्रष्ट्याच्या आधीच लक्षात आले असेल. म्हणून सांगून ठेवतो, यंदा वही आधीच आखली आहे. कट-ऑफच्या शेजारी फीचा रकाना, त्याच्या शेजारी तिसरा : पावती देतात का? ज्यांच्या आधीच्या पोरांकडून ‘नाही’ कळेल, त्यांचा कोड शेवटच्या ओळीतही येणार नाही. वेळ आली तर पोरगी अनुदानित कॉलेजात बी.एस्सी. करेल. ते आमचे सेफ.

मागणी एकच. २१,७०० परत करा असे मी म्हणत नाही. इतके हसू आणणारे पत्र आपल्याला लिहिण्याची माझी पात्रता नाही. मला फक्त पक्की पावती हवी. बाबवार, तारखेसह, शिक्क्याची. बाकीचे दाजी बघून घेतील. त्यांना पट्टी घेऊन समितीत जायची सवय आहे.

कळावे. लोभ आहेच, तो आपल्याकडेच राहू द्यावा.

आपण बनवलेला,
मामा

सोबत : ब्लेझरच्या आतल्या शिवणीतून कापलेली मरून चिंधी. बहीण गिऱ्हाइकाचे कापड घेते तेव्हा पावतीपुस्तकात अर्धी चिंधी टाचून ठेवते, अर्धी गिऱ्हाइकाच्या पावतीला लावते. ब्लाउजच्या चाळीस रुपयांच्या दुरुस्तीलाही. ही तिच्याकडची अर्धी. दुसरी अर्धी आपल्या कोणत्या पावतीला लागते, तेवढे शोधून कळवावे.