नावाची पाटी

ऑर्कुटवर मित्रांनी माझ्याविषयी चार शब्द बरे लिहिले होते. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं आणि माझ्या चारित्र्याचा एकमेव लेखी पुरावा गेला. जिओसिटीजवरची हौशी पानं त्याआधीच, २००९मध्ये याहूनं मोडीत काढली होती. एप्रिल २०१९मध्ये गूगल प्लस गेलं, पण तिथे कोणी राहत होतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलाकारांचे चाहते एका रात्रीत पांगले. सगळी भाड्याची घरं. त्यांत अकरा महिन्यांच्या कराराचीही सोय नाही.

म्हणून स्वतःची वेबसाइट काढली. माझ्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी केव्हाच अडवून ठेवलं होतं. तिथे 'विकणे आहे' अशी पाटी. देवनागरीतलं डॉट भारत २०१४पासून मिळतं, मोह झालाच; पण तसला ईमेल दिला की काही फॉर्म 'वैध पत्ता लिहा' असं बजावतात. शेवटी डॉट इनवर भागवलं. तेही मालकीचं नव्हेच म्हणा. नाव फार तर दहा वर्षांसाठी मिळतं, पुढे नूतनीकरण. फरक एवढाच, की होस्टिंगवाल्याशी बिनसलं तर फायली उचलून दुसरीकडे जाता येतं आणि पाटी तीच राहते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर चांगले पत्ते बदलत नसतात असं १९९८मध्येच लिहून ठेवलंय.

"पण तिथे येणार कोण?" मावशीनं विचारलं.

येतात की! सर्व्हरची नोंदवही उघडली, तर मध्यरात्री कुठकुठचे बॉट येऊन वर्डप्रेसचं लॉगिन पान उघडतंय का ते चाचपून गेलेले. माझ्याकडे वर्डप्रेसच नाही. तरी रोज येतात, नेमानं.

मावशीनंही पाहिलं. "लाइक कुठे करायचं?"

"तसलं काही नाही. आवडलं तर फोन कर."

केला. तिच्या पोह्यांवर मी लिहिलं होतं, त्यात मटार कुठून आले, एवढंच तिला विचारायचं होतं. आपल्याकडे मटार घालत नाहीत, आत्ताच्या आत्ता काढ. काढले. फाइल पुन्हा चढवली. तिनं लगेच उघडून बघितलं, तर तिच्या फोनवर मटार जागच्या जागी! तो कॅशचा प्रताप. आता तिला कॅश म्हणजे काय ते समजावतोय, आणि ती म्हणतेय, "पैशाचं नंतर बोलू, आधी मटार काढ."