बाजार उघडण्याआधीच सौदा

बास्केटबॉलपटू जेलन ब्रन्सनची उंची सहा फूट दोन इंच, एनबीए लीगच्या २०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, क्रमांक तेहतिसावा. त्याला चार वर्षांसाठी साधारण साडेपाच कोटी डॉलर द्यायचे, तर त्याच्या तेव्हाच्या डॅलस मॅव्हरिक्स संघाच्या जाणत्यांनी ‘बघू पुढे’ म्हणत हात आखडता घेतला. मग २०२२च्या एप्रिलमध्ये, संघाचा हुकमी तारा डॉन्चिच जायबंदी असताना, प्लेऑफमध्ये या गार्डने यूटाविरुद्ध एका सामन्यात ४१ गुण ठोकले आणि त्याचा भाव आभाळाला भिडला.

न्यूयॉर्क निक्सनी मूल्यमापन जरा घरगुती पद्धतीने केलं. जेलनचे वडील रिक ब्रन्सन यांना आधीच सहायक प्रशिक्षक नेमलं. संघाचे अध्यक्ष लिओन रोझ एकेकाळी याच वडिलांचे एजंट, आणि जेलनच्या एजंटांत रोझ यांचे चिरंजीव! एवढी सोयरीक असल्यावर आकडेवारी कोण चाळत बसतो?

करार झाला चार वर्षांचा, १० कोटी ४० लाख डॉलरचा. बोलणी खेळाडूंचा बाजार उघडण्याच्या मुदतीआधीच सुरू झाली होती, हे एनबीएला चक्क चौकशी करून कळलं. शिक्षा म्हणून निक्सचा २०२५च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीतला एक निवडीचा हक्क काढून घेतला. ब्रन्सनही दुसऱ्याच फेरीतला.