एका डबड्यात दोन सरकारं

ही मार्गदर्शिका डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या अशा सज्जनांसाठी आहे, ज्यांचा संगणक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याला न विचारता निवृत्त झाला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. विंडोज ११ घ्यावं तर ते टीपीएम २.० नावाची चिप मागतं आणि प्रोसेसरचं वय विचारतं. इकडे जुनं मशिन रोज सकाळी सुरू होतं, सातबारा छापतं आणि आपण निवृत्त झालोय हे त्याच्या गावीही नसतं. अशा मशिनीत लिनक्स टाका, असं वसईला शिकणारा भाचा सांगतो. त्याचं ऐका, पण अर्धंच.

अर्धंच, कारण पुढच्याच वाक्यात तो विंडोज पुसून टाकायला सांगेल. पुसू नका. तलासरी नाक्यावरच्या सेवा केंद्राचा जीव अंगठा घेणाऱ्या यंत्रात असतो आणि त्या यंत्राचं सॉफ्टवेअर बहुधा विंडोजलाच ओळखतं. डहाणूच्या शेठजींची टॅली विंडोजवर आहे. शाळेची जुनी पत्रं श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टात अडकली आहेत. तो फॉन्ट नसेल तर ‘मा. मुख्याध्यापक’ यांच्या जागी कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं रांगेत उभी राहतात. म्हणून दोन्ही ठेवायची. एका वेळी एकच राज्य करील. कोणाचं, ते मशिन सुरू करताना ठरेल.

या मुलखाला असल्या वाटणीचा अनुभव आहे. १९६० साली मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा उंबरगाव तालुक्यावरून रेघ गेली. काही गावं गुजरातेत गेली, उरलेली ठाणे जिल्ह्यात राहिली आणि पुढे तलासरीच्या नावाने नांदू लागली. सोयरिकी मात्र दोन्हीकडे होत्या, त्या तशाच राहिल्या. पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा पाट्या बदलल्या, गावं जागची हलली नाहीत. यातून नवशिक्याने एवढंच घ्यावं की रेघ कुठे मारायची हे तिथे राहणाऱ्याने ठरवलेलं बरं. लिनक्सचा इन्स्टॉलर स्वतःहून रेघ मारायला तयार असतो. त्याला ती संधी देऊ नका.

पायरी पहिली, जी सगळे शेवटी करतात: बॅकअप. बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. पेनड्राइव्हवर बॅकअप घेऊन त्याच पेनड्राइव्हवर रुफस नावाच्या प्रोग्रामने लिनक्स लिहिणारी माणसं जगात आहेत. रुफस आधी सगळं पुसतो, बहिणीच्या हळदीचा व्हिडिओसुद्धा. तो तसं विचारतोही, पण इंग्रजीत विचारतो, आणि आपण ओके दाबतो.

लिनक्स कोणतं, यावर भाच्याशी वाद घालू नका. सी-डॅकने केलेलं बॉस आहे, ते डेबियनवर बेतलेलं आणि भारतीय भाषांची काळजी घेणारं. उबुंटू आहे. चार जीबी रॅमच्या मशिनीला माझं मत मिंटला, तेही एक्सएफसीई या हलक्या रूपातल्या. फाइल जवळपास तीन जीबीची. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वाडीतल्या नेटवर्कला अजून मिळायचंय. तेव्हा डाउनलोड रात्री लावून झोपा.

विजेचं काय? डहाणूत ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती वीज मुंबईच्या उपनगरांसाठी आहे. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, मोठ्या संगणकाला यूपीएस लावा. वाटणी अर्धवट असताना दिवे गेले तर दोन्ही सरकारं पडतात.

आता विंडोजमध्येच बसून तीन कामं. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज ‘शट डाउन’ म्हणतं ते, पाहुणा ‘येतो हं’ म्हणून उठतो आणि चप्पल घालून दारात तासभर बोलत उभा राहतो, तसं. तो दारात असताना लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. दुसरं, डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर त्याची ४८ आकडी चावी कागदावर उतरवून घ्या. त्याच संगणकात जपून ठेवलेली चावी म्हणजे कुलपाच्या आत ठेवलेली चावी.

तिसरं काम रेघ मारण्याचं. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी ड्राइव्हवर उजवी क्लिक, श्रिंक. मिंटला पन्नास जीबी द्या. वीसमध्ये भागतं, पण वर्षभरात कुरकुर सुरू होते. इथे गंमत होते. ड्राइव्हवर दोनशे जीबी मोकळे असतात आणि विंडोज म्हणतं, आठच देता येतील. कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट असे जुने रहिवासी नेमके सीमेवर बसलेले असतात आणि ते हलत नाहीत. त्यांच्याशी भांडू नका. हायबरनेशन आणि सिस्टम प्रोटेक्शन बंद करा, पेजफाइल तात्पुरती काढा, मशिन पुन्हा सुरू करा, मग श्रिंक करा. पेजफाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन नंतर परत चालू करा. सुटलेली जागा ‘अनअलोकेटेड’ अशीच काळ्या पट्टीत दिसू द्या. तिला नाव, अक्षर, फॉरमॅट काही देऊ नका. जुन्या एमबीआर डिस्कवर चारच मुख्य विभाग चालतात. ते भरलेले असताना विंडोज प्रेमाने ‘डायनॅमिक करू का?’ विचारतं. नाही म्हणा.

मग उतरवलेली फाइल रुफसने रिकाम्या पेनड्राइव्हवर लिहा, तो लावून मशिन सुरू करा आणि एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जे असेल ते दाबत राहा. समोर जे येईल ते अजून पेनड्राइव्हवरूनच चालतंय. लगेच इन्स्टॉल करू नका. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रिंटर एक पान काढतो का ते बघा. बाकी सगळं भाचा फोनवर दुरुस्त करू शकतो, प्रिंटर नाही. मराठी टायपिंगची चिंता नको. इनस्क्रिप्ट दोन्हीकडे सारखंच.

इन्स्टॉलर ‘विंडोजच्या शेजारी बसवू का’ असं विचारेल. होय. तो फक्त ‘सगळी डिस्क पुसा’ एवढंच सुचवत असेल, तर पेनड्राइव्ह काढा, चहा घ्या, भाच्याला बोलवा. शेजारी बसतानाही शेवटचा पडदा वाचा: काळ्या पट्टीतलीच जागा घेतोय ना? ईएफआय नावाचा छोटा विभाग दोघांचा सामायिक. त्यावर फॉरमॅटची खूण असता कामा नये.

यानंतर मशिन सुरू झालं की ग्रब नावाचा पडदा येईल आणि काही सेकंद वाट पाहून स्वतःच लिनक्स निवडेल. सेवा केंद्रात रांग असेल तर पहिला मान विंडोजला देऊन ठेवा. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ग्रब गायब होऊन थेट विंडोज उघडलं, तर घाबरू नका. लिनक्स मेलेलं नसतं, फक्त यादीत खाली सरकलेलं असतं. बायोसमध्ये जाऊन क्रम बदला.

राहिलं घड्याळ. मशिनीतल्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं विंडोज धरून चालतं; लिनक्स तिथे ग्रीनिचची वेळ ठेवतं. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये परतलात की वेळ साडेपाच तास मागे जाते आणि सकाळी साडेदहाला आलेल्या आजींच्या पावतीवर पहाटेचे पाच छापले जातात. आजी काही बोलणार नाहीत. नातू विचारेल, “दादा, पहाटे पाचला केंद्र उघडं असतं, मग आम्हाला रोज अकराला का बोलावता?” लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने घड्याळ स्थानिक वेळेवर आणा, मशिन पुन्हा सुरू करा आणि नातवाला अकरालाच बोलवत राहा.