वजन तेवढं सांगा

मु. पो. औंध, ता. खटाव, जि. सातारा

टीव्हीवर अष्टौप्रहर माल विकणाऱ्या वाहिनीचे निवेदक महाशय आणि निवेदिकाबाई यांना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण, आमचा नॉनस्टिक तवा. तक्रार मुळीच नाही. तक्रार करायची तर वस्तूबद्दल आधी काहीतरी सांगितलेलं असावं लागतं, आणि तुम्ही पंचवीस मिनिटं बोलूनही तसं काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे फसवलं असं म्हणायला जागाच उरत नाही. याला कसब लागतं.

आमच्या आईचं वय एक्क्याऐंशी. गुडघ्यांमुळे यमाईचा डोंगर चढणं बंद झालं, तेव्हापासून दुपारी ती तुमच्यासमोर बसते. मालिका तिने सोडल्या. "तिथं समदी रडत्यात, हितं समदी खुशीत असत्यात," असं तिचं म्हणणं. खरंच आहे. टोमॅटो चिरला गेला म्हणून एवढी हरखलेली माणसं आमच्या खटाव तालुक्यात तरी सापडायची नाहीत. (भाव पडला की आमच्याकडे टोमॅटो चिरत नाहीत, रस्त्यावर ओततात. तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही.)

तुमचं कथानक आम्हांला आता पाठ झालंय. सुरुवातीला जग कृष्णधवल असतं. त्यात एका बाईला कांदा चिरता येत नाही, दुसरीला तव्यावरचं अंडं सुटत नाही, तिसरीने कपाट उघडलं की भांडी डोक्यावर कोसळतात. मग तुमची वस्तू अवतरते आणि जगाला रंग चढतो. एका गोऱ्या बाईचे ओठ एकीकडे हलतात आणि मराठी दुसरीकडून येतं, "अरे वा, माझा तर विश्वासच बसत नाहीये!" कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं. खाली पट्टी, 'फक्त ७ नग शिल्लक.'

आई म्हणाली, "आरं, फोन लाव की. सातच राहिल्यात."

"आई, परवाबी सातच हुते."

"मंजी परवापास्नं कुणी घेतलं न्हाई बिचाऱ्यांचं," ती म्हणाली. अशा रीतीने आम्ही तो तवा दयेपोटी घेतला.

या सगळ्या वेळात ती पडद्याला एकच प्रश्न विचारत होती, "ह्येचं वजन किती?" जन्मभर बाजरीच्या भाकरी थापलेल्या बाईला पातळ तव्यावर काय होतं ते ठाऊक असतं. तुम्ही तव्यावरून अंडं घसरवलंत, चॉकलेट वितळवलंत, वर तारेच्या घासणीने खसाखसा घासून दाखवलंत. वजन नाही सांगितलंत. फोनवरच्या मुलीला मी विचारलं, तर ती म्हणाली, "सर, यासोबत आज चाकूंचा संच मोफत आहे."

करमणूक करून माल विकू नये, असं माझं म्हणणं नाही. आम्ही यात्रेच्या गावची माणसं. पौषात यमाईची यात्रा भरायची तेव्हा गारुडी यायचा. साप-मुंगसाची लढाई लावतो म्हणून तो तासभर रिंगण धरून ठेवायचा. मुंगूस खुंटीला, साप पेटीत, आणि मधल्या वेळात ताईत खपायचे. लढाई मी आजतागायत पाहिलेली नाही. पण गारुडी समोर उभा असायचा, पुढच्या पौषात त्याला तोंड दाखवायचं असायचं, आणि ताईत आठ आण्यांचा होता. तुमच्या धंद्यातल्या काहींनी त्या ताइताचं यंत्र केलं, त्याच्याभोवती नट-नट्या बसवल्या आणि ते घरोघरी पोहोचवलं. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं, की चमत्कारी गुणांचा दावा करून अशी यंत्रं टीव्हीवरून विकणं राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे बेकायदा आहे. आमच्या गारुड्यावर हायकोर्टाची वेळ कधी आली नाही.

तसं पाहिलं तर या विद्येत आमचं संस्थान तुमच्याआधीचं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे एवढे भक्त, की त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, शाळांतून नमस्कार सुरू केले आणि प्रात्यक्षिकाला स्वतः उभे राहिले. राजाच निवेदक! पण नमस्कार तुम्हीच घालायचे आणि घामही तुमचाच, ही अट त्यांनी बारीक अक्षरांत लपवली नाही. खुर्चीत बसल्या बसल्या पोट उतरवणारा तुमचा पट्टा त्यांच्या दरबारात मांडला असता, तर विकणाऱ्याला आधी पंचवीस नमस्कार घालावे लागले असते असा माझा अंदाज आहे.

याच राजांनी १९१० मध्ये, बेळगावातून कारखाना हलवायची पाळी आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, आता सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणरावांना विकायचा होता लोखंडी नांगर, आणि गिऱ्हाइकाची ठाम समजूत होती की लोखंडाने जमिनीला विष चढतं. मालापुढची अशी अडचण तुमच्या वाट्याला कधी आली नसेल. नॉनस्टिकने घराला विष चढतं म्हणणाऱ्यालाही तुम्ही दुसरा तवा मोफत देऊन गप्प केलं असतंत. नांगराला ती सोय नव्हती. तो शेतात चालवूनच दाखवावा लागे.

पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, स्वतः चित्रकार. कारखान्याचा माल लोकांना कळावा आणि वाचताना त्यांना कंटाळा येऊ नये, म्हणजे नेमका तुमचाच उद्योग. त्यात लेख आले, गोष्टी आल्या, चित्रं आली. होता होता नावातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' राहिलं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. ज्यांच्या दारात बैल नव्हता, अशी माणसंही नांगरवाल्यांचं मासिक पैसे मोजून वाचू लागली. त्यातल्या एखाद्या कथेची नायिका ऐन विरहात "अहो, हा फाळ बघा ना, किती झरझर चालतो!" असं म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही. गोष्ट गोष्टीच्या जागी होती, नांगर नांगराच्या जागी. तुमच्याकडे मला दोन्हींची जागा रिकामी दिसते. धड गोष्ट नाही की धड तवा नाही, मधे नुसता हर्ष.

बरं, तो हर्ष तरी ताजा असावा! फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'नापतोल'ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल १० लाख रुपये दंड केला. (ती तुमची वाहिनी नव्हे, आमचा तवाही तिथला नव्हे.) कार्यक्रम आधीच चित्रित केलेला आहे, माल किती उरला ते यावरून समजू नये, असं पडद्यावर लिहा, आणि खोटी टंचाई दाखवणं बंद करा, असंही त्यांना बजावलं. आईला मी हे समजावून सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली.

"मंजी ती पोरगी आत्ता खुशीत न्हाई व्हय? मागं कवातरी झाली हुती?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्हांला सुचलं तर कळवावं.

जाता जाता सांगतो, आमच्या भवानी संग्रहालयात हेन्री मूर यांचं 'आई आणि मूल' हे शिल्प आहे. जगभरचे जाणकार ते बघायला औंधला येतात. शेजारी उभं राहून 'आता एकच शिल्लक' म्हणून कुणी ओरडत नाही. आणि तिथे तर ते खरं आहे.

तेव्हा विनंती एवढीच. पंचवीस मिनिटांतली चोवीस तुमची. नाचा, टाळ्या वाजवा, भांडी डोक्यावर पाडून घ्या, आईला ते आवडतं. उरलेल्या एका मिनिटात शांतपणे सांगा, वजन किती, जाडी किती, कशाचा बनवलाय, आणि बिघडला तर तो कुणाच्या दारात नेऊन ठेवायचा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सातवा ग्राहक

ता. क. : आईने शेवटी तवा गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवायला लावला. ४१० ग्रॅम भरला. चाकूंचा मोफत संच ४६०.