वासर

मी जर्मन शिकतोय हे ज्याला ठाऊक नाही तो डिंगोऱ्याचा नव्हेच. ओतूरच्या कांदा मार्केटात ओळखीच्या हमालाने "बरं हाय ना, सर?" विचारलं, तरी मी "गूट, गूट" म्हणतो. पहिल्यांदा त्याने खिशातून गुटख्याची पुडी काढून पुढे केली होती.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. इथली १०,००० कुशल तरुण पोरं तिकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा पारावर मला विचारणा झाली, "सर, तुमचा नंबर कधी?" वय ६४, कौशल्य म्हणाल तर निवृत्त गणित शिक्षक. मी नुसता हसलो. नाही म्हणालो नाही.

माझा गुरू म्हणजे मोबाईलमधलं हिरवं घुबड. रात्री घराजवळ घुबड बोललं की आमच्याकडे अजून देवापुढे दिवा लावतात. हे तर उशाशी बोलतं, आणि अभ्यास केला नाही तर रुसतं. पण मराठी माणसाला जर्मन तशी परकी नाही. तिलाही तीन लिंगं. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, हे ऐकून इंग्रजीवाले हबकतात. आपण शतकानुशतकं 'ते पोरगं' म्हणतच आलोय.

आता विषय निघालाच आहे, तर इरिलाबद्दल सांगतो. (विषय निघाला नाही असं आमची ही म्हणते. तिने हे ४० वेळा ऐकलंय.) जुन्नरच्या लेण्यांत सातवाहनांच्या काळातले यवनांचे तीन दानलेख आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, पुढे पश्चिमेकडून आलेला कुठलाही परका. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल नाणेघाट चढून जुन्नरात यायचा, त्याच वाटेने ही मंडळी आली असावीत. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, चंदाने लेण्याचं गर्भदार. आणि आमच्या इरिलाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे दगडात खोदलेली दोन टाकी. तो 'गतांचा' होता असं लेखात आहे. हे गत कोण, यावर विद्वान भांडतात. मला त्याचं काही नाही. माझा जीव अडकलाय तो 'इरिलस' या शब्दात. हा 'स' म्हणजे आपला 'चा'. परमुलखातल्या माणसाने आपल्या नावाला इथल्या प्राकृताचा प्रत्यय लावून घेतला, ब्राह्मीत कोरवला, आणि वर बढाई एका अक्षराची नाही. लेख बहुधा लेखनिकाने लिहून दिला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. नाहीतर घुबडापुढे बसवत नाही.

खरं कारण स्टुटगार्टला आहे. लेक तिथे, जावई तमिळ, घरात इंग्रजी, बालवाडीत जर्मन. चार वर्षांच्या नातवाच्या वाट्याला मराठी येते रविवारी अर्धा तास, तीही रेंज असली तर. लेकीवर मी एकदा चिडलो, "पोराला दोन शब्द शिकवता येत नाहीत?" ती म्हणाली, "दादा, दोघं नोकरीहून घरी येतो तेव्हा तो झोपायला आलेला असतो." फोन ठेवल्यावर मला आठवलं, तिला इंग्रजी माध्यमात घालायला जुन्नरात खोली घेऊन राहिलो होतो तो मीच. तेव्हा गावभर पेढेही वाटले होते.

गेल्या मे महिन्यात नातू आला. दुपारी अंगणात उभा राहून म्हणाला, "वासर!"

वासर म्हणजे पाणी. मला येत होतं! आता 'तुला पाणी हवं का' म्हणायचं. प्रश्नात क्रियापद आधी, मग कर्ता, मग... मी बोटं मोजायला लागलो.

"आवं, वासरू बघायचं म्हणतंय पोरगं, आन् तुम्ही बोटं काय मोजताय?" म्हणत हिने त्याला उचलून गोठ्यात नेलं.

मी मागोमाग धावलो. तोवर पोराचा हात वासराच्या तोंडात होता आणि तहान कुठल्या कुठे. हिने वासरापुढे बादली ठेवली, "पाणी, पाणी" म्हणाली. पोराला वाटलं, हे त्याचं नाव. त्यानेही बादलीवर तोंड वाकवलं, तेव्हा कुठे हिच्या ध्यानात आलं. हंड्यातला तांब्या आणून त्याच्या ओंजळीत धार धरली. मी दारात उभा राहून एवढंच म्हणू शकलो की पाणी, वासर, वासरू, तिन्ही नपुंसकलिंगी. कोणी ऐकलं नाही.

आता रविवारी फोन लागला की तो मला "हॅलो ओपा" म्हणतो आणि लगेच ओरडतो, "आजी, पाणी!" ही मोबाईल घेऊन गोठ्यात जाते आणि वासरू दाखवते. मी एकदा चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर तिने दटावलं,

"ऱ्हाऊ द्या. मागतंय ना पाणी आपल्याकडं?"