सोडण्याचे कारण

आमच्या सोसायटीतला बारावीचा मुलगा परवा लिफ्टमध्ये भेटला. बगलेत फिजिक्सचं जर्नल. "काका," त्याने हळूच विचारलं, "आमचं कॉलेज उत्सव चौकाच्या अलीकडे आहे की पलीकडे?" जर्नलवर सही घ्यायला दीड वर्षात तो दुसऱ्यांदाच निघाला होता.

पोरगा उनाड नव्हे. सकाळी सातला क्लासला जातो, दिवे लागल्यावर परततो. कॉलेजात असतं ते फक्त नाव. खारघरमध्ये याला कुणी दांडी म्हणत नाही, 'इंटिग्रेटेड' म्हणतात.

त्याच्या आईला मात्र धाकधूक. "गैरहजेरीमुळे पुढे ॲडमिशन अडणार नाही ना हो?" मी म्हटलं, वहिनी, इंजिनिअरिंगला सीईटीचे पर्सेंटाइल बघतात, मेडिकलला नीट. किती दिवस वर्गात बसलात, हे तिथे कुणी विचारत नाही. अडलंच तर अलीकडे अडेल. बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. आणि जेईई देऊन एनआयटीत जायचं तर साधारणपणे बारावीला ७५ टक्के गुण. त्यामुळे कामाची वाटणी झाली आहे: गुणांचे पंचाहत्तर मुलाने आणायचे, हजेरीचे कॉलेजने. सीबीएसईने २०२४ मध्ये असे 'डमी' विद्यार्थी दाखवणाऱ्या काही शाळांची मान्यता काढून घेतली, तेव्हा वहिनींची झोप उडाली होती.

मी पनवेलला शिकत होतो तेव्हा पहिला पाऊस पडला की आम्ही थेट पांडवकड्याच्या धबधब्यावर. मागे एक मित्र आवाज बदलून "हजर, सर!" म्हणायचा. मोबदला, एक वडापाव. आता पांडवकड्यावर पावसाळ्यात बंदी असते, आणि 'हजर' म्हणण्याचे पैसे हप्त्यांनी भरावे लागतात.

त्या मुलाची कीव येते ती वेगळ्याच कारणाने. बुडवलेल्या तासाची चव त्याला कधी कळणार नाही. बुडवायला आधी तास भरावा लागतो.

उद्या त्याला कॉलेज सोडल्याचा दाखला मिळेल. त्यावर 'वर्तणूक : चांगली' असं लिहिलेलं असेल, आणि ते अगदी खरं असेल. आलाच नाही तो दंगा करणार कधी? मी अडतो तो दुसऱ्या रकान्यापाशी : 'सोडण्याचे कारण'.

सोडायला आधी धरावं लागतं, बाळा.